पात्र आणि अपात्र

शेतकरी आत्महत्येचं प्रकरण जिल्हा समितीपुढे येतं तेव्हा कागदाच्या शेवटी एकच शब्द पडायचा असतो: पात्र किंवा अपात्र. समिती काय पाहते हे ठरलेलं आहे. घरात कुणाच्या नावावर शेती आहे का, पीक बुडालं का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा लागला होता का. मेहुण्याकडून हातउसने आणलेले पन्नास हजार तिथे मोजले जात नाहीत. सगळं जुळलं तर एक लाखाची मदत मिळते. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत.

गोष्टीतल्या माणसालाही मराठीत पात्रच म्हणतात. आणि मराठवाड्यात लिहिल्या जाणाऱ्या कथा, युवक महोत्सवातल्या एकांकिका, मोबाइलवर केलेले लघुपट, शाळांच्या स्नेहसंमेलनातल्या नाटिका एकापाठोपाठ एक पाहिल्या की ध्यानात येतं, समितीचे निकष आपण गोष्टीलाही लावून बसलो आहोत. नापिकी, कर्ज, तगादा. ही तीन असली की शेतकरी गोष्टीत यायला पात्र ठरतो. त्याला शेती येते का, तो कुणावर जीव टाकतो, सख्ख्या भावाशी दहा वर्षं का बोलत नाही, हे कुणी विचारत नाही. बायको पदराने डोळे पुसते, आई अंथरुणाला खिळलेली असते, मुलगी लग्नाला आलेली असते. शेवट पहिल्या पाच मिनिटांतच कळलेला असतो.

समितीला तिचे निकष लागतात. तिला सरकारी पैसा द्यायचा आहे आणि त्याचा हिशेब ठेवायचा आहे. लेखकाला माणसाची ओळख करून द्यायची असते, आणि ती या वाटेने होत नाही. सोसणाऱ्या माणसाची कीव येते, आणि ती येणं चांगलंच आहे. पण आदर वाटायचा तर त्या माणसाने, आपलं काय जाणार हे समजून, एखादा निर्णय घेतलेला डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. असा निर्णय लिहायला लेखकाला त्या माणसाचं काम आणि त्याचा पैशाचा हिशेब ठाऊक लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी इथेच अडतात. लेखकाची तळमळ खरी असते, पण त्याने हिशेब मांडलेला नसतो.

‘आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी’ हे सगळ्यांत घासून गेलेलं चित्र घ्या. जूनमध्ये शेतकरी असा बसून राहत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा दरवर्षीचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. समजा पन्नास झाला. वापसा आला, म्हणजे ओल पेरण्याजोगी झाली. शेजाऱ्याच्या रानात पेरणीयंत्र चालू झालं आणि ते ट्रॅक्टरवाला उद्या दुसऱ्या शिवारात नेणार आहे. आज पेरलं आणि पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तर दुबार पेरणी. एकरी तीस किलो धरलं तर चार एकरांना १२० किलो सोयाबीनचं बियाणं पुन्हा विकत आणायचं, तेही सगळ्यांनाच हवं असताना. थांबावं तर मूग-उडदाची वेळ निघून जाते, सोयाबीन उशिरा निघतं आणि त्यानंतर घ्यायचा हरभरा ओलीला मुकतो. दोन्हीकडे नुकसान आहे आणि संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे. इथे माणूस दिसू लागतो. शेजाऱ्याचं पाहून पेरणारा वेगळा, मागच्या वर्षी थांबून फसला म्हणून यंदा घाई करणारा वेगळा, आणि दोन एकर पेरून दोन एकर मागे ठेवणारा अगदीच वेगळा.

त्याच घरातली बाई घ्या. घरचं बियाणं आहे, विकत आणलेलं नाही. तिने ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून शंभर दाणे ठेवले, गुंडाळी केली, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडलं आणि आठवड्याने उघडून मोजले. सत्तर उगवले असते तर बियाणं पेरायला चांगलं. उगवले चौसष्ट. नवरा म्हणतो, सहा दाण्यांनी काय होतंय. ती काही बोलत नाही. पोत्याच्या तळातून वेगळे शंभर काढून पुन्हा ओळी मांडायला बसते. या बाईबद्दल आदर वाटायला तिच्या डोळ्यांत पाणी आणावं लागत नाही. ती नवऱ्यापेक्षा हुशार आहे असंही लिहावं लागत नाही. तिचं मोजणं पुरे आहे.

ऊसतोड कामगारांच्या गोष्टींत हा प्रश्न आणखी टोकाला जातो, म्हणून तिथे जरा थांबतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा झाला की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. कारखान्याकडे माणूस या मापाने मोजला जातो, हे मापच एका कथेचं बीज आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. काम चुकलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाच्या शेवटी तोडलेल्या टनांचा हिशेब उचलीशी लावतात. उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

आता एक बाई कल्पू. तिला रुक्मिण म्हणू. नेहमीच्या गोष्टीत रुक्मिणला काय काय भोगावं लागतं याची लेखक यादी करतो: पहाटेची थंडी, पाचटाने कापलेले हात, मुकादमाची शिवी, आजारपण, खाडा. यातलं काहीही खोटं नाही. वाचकाचं मन हेलावतं, पण पुस्तक मिटल्यावर रुक्मिण कशी होती हे विचारलं तर ‘बिचारी होती’ यापलीकडे सांगता येत नाही.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. उचल एक लाख. टनाला साडेतीनशे रुपये, जोडीने दिवसाला दोन टन, म्हणजे रोजचे सातशे. दीडशे दिवस न चुकता भरले तर एक लाख पाच हजार. उचल फिटून पाच हजार उरतात. आजारपणाने, पावसाने, गाडी न आल्याने वीस दिवस गेले तर एक्क्याण्णव हजार होतात आणि नऊ हजार अंगावर. खाड्याची कपात यात धरलेलीच नाही.

रुक्मिणची थोरली मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. धाकटा दीड वर्षाचा आहे. मुलीला बरोबर नेलं तर ती फडाच्या कडेला धाकट्याला सांभाळेल, कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, भाकरी टाकेल, आणि जोडीचे दोन टन पूर्ण पडतील. तिला गावी आजीजवळ ठेवलं तर धाकट्याची झोळी रुक्मिणच्या नजरेच्या टप्प्यात बांधावी लागेल, तासातासाला कोयता खाली ठेवावा लागेल. दिवसाला पाव टन कमी पडला असं धरा. पाव टनाचे साधारण सत्त्याऐंशी रुपये, दीडशे दिवसांचे तेरा हजार. मुलीची दहावी तेरा हजारांना पडते, आणि हे पैसे रुक्मिणकडे नाहीत. ते पुढच्या वर्षीच्या अंगावरच्या बाकीत जाणार आहेत. शिवाय म्हाताऱ्या आजीपाशी वयात आलेली मुलगी पाच महिने ठेवायची, याची धास्ती वेगळी. याच धास्तीने कितीतरी मुलींची लग्नं अठराच्या आत उरकली जातात. रुक्मिण मुलीला मागे ठेवते. आता ती नुसती सोसणारी राहिली नाही. तिने काहीतरी विकत घेतलं आहे आणि त्याची किंमत तिला रुपयांत ठाऊक आहे.

इथे ‘मुलीला शिकवणारी आदर्श माता’ असं म्हणून लेखक हात झटकून मोकळा झाला तर घडवलेलं सगळं वाया जातं. कारण तेरा हजारांचा भार एकट्या रुक्मिणवर नाही, नवऱ्यावरही आहे, आणि तिने त्याला विचारलेलं नाही. पाव टन भरून काढायला तो अंधारात मोळ्या वाहतो. डोक्यावर मोळी घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं म्हणजे काय, हे पायाखाली ओली फळी असल्याशिवाय कळत नाही. निर्णय रुक्मिणने घेतला आणि गुडघा नवऱ्याचा गेला, असं झालं तर? ज्या हट्टामुळे तिच्याबद्दल आदर वाटतो त्याच हट्टाने घरातल्या एकाचं नुकसान केलं. पात्राचा गुण आणि दोष असे एका मुळातून आले की ते पात्र जिवंत होतं. गुण एका बाजूला आणि ‘माणूस आहे, चुका होणारच’ म्हणून वरून चिकटवलेला दोष दुसऱ्या बाजूला, अशी पात्रं लगेच ओळखू येतात: प्रामाणिक मास्तर, पण तापट. तो तापटपणा कथेत कुणाचंच काही बिघडवत नाही.

मुकादमाचंही तेच. तो आपल्या गोष्टींतला ठरलेला खलनायक. मिशा, गळ्यात साखळी, मोटारसायकल. अन्याय करणारे मुकादम आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. पण मुकादम स्वतःही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेऊन बसलेला असतो आणि करारावर सही त्याची असते. उचल घेऊन टोळीतले दोन कोयते रातोरात पळाले तर ते पैसे त्याच्या मानगुटीवर बसतात. कालपरवापर्यंत तोही फडातच होता असे पुष्कळ आहेत. हे ठाऊक असलेला लेखक रुक्मिण आणि मुकादम यांची उचल ठरवण्याची बैठक लिहील, तेव्हा दोघांनाही काहीतरी गमवायचं असेल. ती म्हणेल, लाख नको, पंच्याऐंशी द्या, म्हणजे मार्चात सुटता येईल. मुकादमाला हे नको आहे, कारण कमी उचल घेतलेला कोयता पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कमी पैसे मागणारी बाई मुकादमाला का खुपते, हे वाचकाला पहिल्यांदा समजतं. वाईट माणसाबद्दल आदर वाटणार नाही, वाटूही नये. पण तो जाणून घेण्याजोगा जरूर असतो, आणि तो जितका खरा तितकं त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याचं धैर्य मोठं.

कामाच्या बारकाव्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘ती सपासप कोयता चालवत होती’ हे वाक्य लिहिणाऱ्याने तोड पाहिलेली नसते. ऊस जमिनीलगत बुडख्याशी तोडावा लागतो, कारण साखर बुडाच्या कांड्यांत जास्त असते, आणि वर खुंट राहिला तर मालकाचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. म्हणजे प्रत्येक उसाला कंबरेतून पूर्ण वाकणं आलं. मग पाचट काढायचं, शेंड्याचं वाढं तोडून वेगळं करायचं, वाढ्याच्याच बंदाने मोळी आवळायची. वाढं विकून आठवड्याच्या बाजाराचं भागतं, त्यामुळे वाढं कुणी न्यायचं यावरून फडात भांडणं होतात. यातली एकेक गोष्ट स्वभाव दाखवायची जागा आहे. वाकायचा कंटाळा करून चार बोटं वर तोडणारा कोण, मालक बघत नसतानाही बुडाशी तोडणारा कोण? ज्या कामाचं कौतुक करायला कुणी येणार नाही ते नीट करणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या गोष्टींत तो क्वचित भेटतो, कारण काम नीट झालं की बिघडलं हे लेखकालाच ओळखता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, निर्णय घ्यायला पर्याय लागतो. कर्जात बुडालेल्या, पाणी संपलेल्या माणसापुढे पर्याय कुठला? त्याच्या निर्णयशक्तीच्या गोष्टी सांगणं म्हणजे व्यवस्थेला मोकळं सोडणं. या आक्षेपामागचा राग मला मान्य आहे. पण पर्याय अरुंद होतो तेव्हा माणूस अधिक स्पष्ट दिसतो. दुष्काळात घर काय विकतं, आणि कोणत्या क्रमाने? १९७२ आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. आधी शेळ्या जातात, मग भांडी, मग बाईच्या अंगावरचं, मग बैल, आणि जमीन सगळ्यांत शेवटी. हा झाला सर्वसाधारण क्रम. एखाद्या घरात तो उलटतो. बायकोचं डोरलं राहतं आणि बैल आधी जातात. किंवा बैलांना चारा नाही म्हणून छावणीवर स्वतः जाऊन राहणारा म्हातारा जमिनीचा तुकडा आधी काढतो. सगळ्यांवर संकट एकच असतं, क्रम मात्र घराघराचा वेगळा. तो क्रम नीट लिहिला तर व्यवस्थेवरचा आरोप सौम्य होत नाही, धारदार होतो, कारण काय हिरावलं गेलं हे वस्तूंच्या नावानिशी समोर येतं.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी; पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. हे आकडे बातमीला पुरतात. गोष्टीला लागते घागरींची रांग. रात्रीच नंबराला घागरी लावून ठेवायच्या, त्यावर कुणीतरी लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवणारीच्या सख्ख्या बहिणीने पहाटे येऊन आपली घागर पुढे सरकवली. आता तिने काय करायचं? बहिणीची घागर उचलून मागे ठेवणारी बाई कदाचित पुढची चार वर्षं माहेरच्या एकाही कार्याला जाणार नाही. रांगेतल्या पन्नास घरांना तिची ही किंमत कधी कळणारही नाही.

दुसरीकडून उलट बोललं जातं: मग आदर्शच द्या की. निष्कलंक नायक द्या, पोरांपुढे चांगलं काहीतरी येऊ द्या. या मागणीने शाळेतली पुस्तकं भरली आहेत, आणि मुलं ती परीक्षेपुरती वाचतात. आपल्या परंपरेने असा निष्कलंकपणा कधी मागितलेला नाही. सप्ताहात, पारायणात, पारावरच्या गप्पांत माणसं कर्णावर जीव ओवाळून टाकतात. का? कवचकुंडलं मागायला येणारा ब्राह्मण इंद्र आहे, हे सूर्याने त्याला आधीच सांगितलं होतं. दिली तर मरण ओढवेल हेही सांगितलं होतं. त्याने जाणून दिली. कथेत फसवला गेला असता तर कर्णाची कीव आली असती; तो फसला नाही म्हणून आदर वाटतो. आणि हाच कर्ण द्यूतसभेत द्रौपदीला अद्वातद्वा बोलला. महाभारत ते लपवत नाही. कवचकुंडलांच्या बदल्यात त्याने इंद्राकडून शक्ती मागून घेतली, हेही मूळ कथेत आहे, आणि सांगणारे पुष्कळदा ते गाळतात. माझ्या मते गाळू नये. दान देताना मोबदला मागणारा, तरी मरण पत्करणारा, तरी सभेत नीच बोललेला, असा अख्खा कर्णच जाणून घेण्याजोगा आहे. छाटून उरलेल्या दानशूराचं कॅलेंडरवरचं चित्र होतं.

पैठणची परंपरा तर या बाबतीत आपल्या अगदी घरची आहे. सातवाहनांच्या राजधानीशी नाव जोडलेली, हाल राजाच्या नावावरची गाथासप्तशती माहाराष्ट्री प्राकृतातली, सातशेच्या आसपास गाथांची. एकेका गाथेत दोन ओळी. त्यात नांगरटे आहेत, त्यांच्या बायका आहेत, गोदेकाठ आहे. एका गाथेत पाणपोईवरची मुलगी वाटसरूच्या ओंजळीत पाणी ओतते आहे. तो वर तिच्याकडे बघत बोटं फाकवतो, पाणी गळू देतो, म्हणजे पिणं लांबेल. तीही धार बारीक बारीक करत जाते. संपली गाथा. या दोघांना नाव नाही, दुःख नाही, मोठं कर्तृत्व नाही. तरी दोन हजार वर्षांच्या अंतरावरून ती दोघं समोर उभी राहतात, कारण लिहिणाऱ्याने त्यांचे हात पाहिले होते. पात्र जाणून घेण्याजोगं व्हायला महान असावं लागत नाही याचा याहून जुना दाखला आपल्या भूमीत मिळणार नाही.

त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, महार, आंधळा, बहिरा, नवऱ्याला कंटाळलेली बाई यांना ‘मी’ म्हणून बोलायला लावलं. अर्थ अध्यात्माचा होता. पण भारूड ऐकणाऱ्याच्या कानावर आधी त्या बाईचं बोलणं पडतं, तिच्या घराची कळा दिसते, आणि अध्यात्म मागून येतं. पात्राबद्दल बोलणं आणि पात्राला बोलू देणं यांतलं अंतर आपल्याला इतकी शतकं ठाऊक आहे.

म्हणून बोलीबद्दल तक्रार करावीशी वाटते. आपल्या एकांकिकांत मास्तर, डॉक्टर, कलेक्टर प्रमाण मराठी बोलतात आणि शेतकरी बोलीत बोलतो, इथवर ठीक. पण तोच शेतकरी गंभीर विचार करू लागला की त्याच्या तोंडी एकदम पुस्तकी भाषा येते, आणि बोली फक्त हशा पिकवायला किंवा रडायला उरते. म्हणजे विचार करणं हे बोलीचं काम नाही, असं आपणच पोरांना शिकवतो. लातूर-धाराशिवकडचा माणूस ‘काय करलालास’ विचारतो, परभणी-हिंगोलीकडचा ‘काऊन’ विचारतो, बीडकडचा ‘कामून’. त्या भाषेत हिशेब होतात, कोर्टातल्या तारखेची चर्चा होते, सुनेची समजूत काढली जाते. पात्राचा सगळ्यांत अवघड विचार त्याच्याच बोलीत लिहून पाहावा. जमला नाही तर समजावं की लेखकाने त्याला विचार करताना अजून ऐकलेलं नाही. आणि सगळ्या मराठवाड्याची मिळून एकच बोली करू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा माणूस हिंगोलीसारखा बोलला की तिथल्या वाचकाचं पात्रावरचं मन उडतं.

परीक्षकांनाही एक विनंती आहे, कारण स्पर्धा जे उचलतात तेच पुढच्या वर्षी लिहिलं जातं. प्रेक्षागृहात किती रुमाल निघाले यावर गुण देऊ नका. कथेतलं दुःख क्षणभर बाजूला ठेवा आणि पाहा: नापिकी झाली नसती, कर्ज नसतं, तर या माणसाबद्दल सांगण्यासारखं काही उरलं असतं का? उरत नसेल तर लेखकाने दुःख लिहिलं आहे, माणूस अजून लिहिलेला नाही. दुसरं, पात्राने घेतलेला निर्णय त्याच गोष्टीतल्या दुसऱ्या कुणाला देऊन बघा. कुणीही तोच घेतला असता, तर तो त्या पात्राचा निर्णय नव्हता, परिस्थितीने घेतलेला होता.

हे सगळं साहित्यातल्या लोकांचं आपसांतलं बोलणं आहे असं समजू नये. बीडची, जालन्याची, परभणीची पोरं पुण्या-मुंबईला शिकायला जातात तेव्हा तिथल्या लोकांच्या मनात त्यांच्या बापाचं चित्र आधीच काढलेलं असतं: भेगाळलेली जमीन, भेगाळलेल्या टाचा. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवायला ती पोरंही तेच चित्र काढायला शिकतात, बाप प्रत्यक्षात तालुक्यातला नावाजलेला कलमं बांधणारा असला तरी. ज्याची फक्त कीव येते त्याला मदत दिली जाते. त्याचं मत कुणी विचारत नाही. धरणाचं पाणी कुठे वळवावं, पीकविम्याचा पंचनामा कसा व्हावा, ऊस लावावा की नाही, या चर्चांत त्याला बोलावलं जात नाही, कारण त्याला यातलं काही कळत असेल हे त्या चित्रात कुठेच नसतं.

आणि तो ठरलेला शेवट. आत्महत्येने गोष्ट संपवणं सोपं असतं. लेखकाचीही त्यातून सुटका होते. त्या घरासाठी मात्र खरं काम तिथून सुरू होतं. तेराव्यानंतर लिहा. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठी, तहसीलदार, मग समिती, पात्र की अपात्र. हे सगळं मागे राहिलेल्या बायकोला करायचं आहे. शिवाय वारसनोंद. मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज, फेरफाराची नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, मग सातबाऱ्यावर नाव. नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली चार एकर असेल तर हिंदू वारसा कायद्याने त्याची बायको, मुलं आणि आई हे सारखे वारस. बाप त्या पहिल्या रांगेत नसतो. म्हणजे बायको, दोन मुलं आणि सासू. प्रत्येकी एक एकर. ज्या म्हातारीला सगळ्या गोष्टींनी ओसरीवर नुसतं रडत बसवलं, तिचं नाव सुनेच्या नावाशेजारी उताऱ्यावर येणार आहे. विहीर कोणाच्या एकरात येते ते अजून ठरायचं आहे.

नोटिशीचे पंधरा दिवस चालू आहेत. मृग तोंडावर आला आहे आणि सुनेने गोणपाट भिजवून शंभर दाणे मांडले आहेत. धाकटा दीर मोटारसायकल अंगणात लावून आईजवळ येऊन बसतो आणि म्हणतो, आई, तुझा एकर माझ्या नावावर करून दे, मी बघतो तुझं. म्हातारीने सुपारी अडकित्त्यात धरली आहे. ती अजून काही बोललेली नाही.